विश्लेषण : दहा कसोटी, एकही विजय नाही, तरी विजय मर्चंट यांचे नाव अजून का घेतले जाते? बॅटकडून माईककडे ते कसे वळले?

डिजिटल डेस्क, परभणी

हिवाळा आला की १६ वर्षांखालील मुलांच्या विजय मर्चंट करंडकाची लगबग सुरू होते. मुंबई आणि विदर्भ वगळता उर्वरित महाराष्ट्राचा जो संघ या स्पर्धेत उतरतो, तोच परभणी जिल्ह्याचाही संघ. त्यामुळे घरातला मुलगा गंभीरपणे क्रिकेट खेळत असेल, तर मर्चंट हे नाव कधी ना कधी कानावर पडतेच. वानखेडे स्टेडियमच्या एका स्टँडलाही हेच नाव आहे. पण हे मर्चंट नेमके कोण, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर जुने क्रिकेटपटू एवढ्यावरच थांबते.

आकडे काढून पाहिले तर गोंधळ आणखी वाढतो. पहिली कसोटी १९३३ मध्ये, शेवटची १९५१ मध्ये. या १८ वर्षांत खेळलेल्या कसोटी फक्त १०, आणि त्या सगळ्या इंग्लंडविरुद्ध. त्यातली एकही भारताने जिंकलेली नाही. कसोटीत कर्णधारपद एकदाही मिळाले नाही. दुसरीकडे प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांची सरासरी ७१.६४. पुरेसे डाव खेळलेल्या जगातील फलंदाजांत त्यांच्या पुढे फक्त डॉन ब्रॅडमन. एकाच माणसाचे हे दोन हिशेब जुळवायचे तर मैदानाबाहेरही पाहावे लागते. मर्चंट यांची निम्मी कारकीर्द रेडिओच्या माईकसमोर आणि निवड समितीच्या खुर्चीत घडली.

मर्चंट हे आडनाव आले कुठून?

मूळ आडनाव ठाकरसी. मुंबईतील कापड गिरण्यांचे मालक असलेल्या श्रीमंत गुजराती घराण्यात १२ ऑक्टोबर १९११ रोजी विजय माधवजी यांचा जन्म झाला. शाळेत नाव आणि वडिलांचा व्यवसाय विचारला गेला, त्यात काही तरी घोटाळा झाला आणि व्यापारी या अर्थाचा मर्चंट हा शब्दच आडनाव म्हणून नोंदला गेला, अशी गोष्ट सांगितली जाते. पुढे त्यांनी ते बदलण्याचा खटाटोप केला नाही. शिक्षण सिडनहॅम महाविद्यालयात झाले, क्रिकेट हिंदू जिमखान्याकडून.

पैशाची ददात नव्हती, हे लक्षात ठेवायला हवे. त्या काळात क्रिकेटमधून पोट भरत नसे. अनेक गुणी खेळाडू एखाद्या संस्थानिकाच्या पदरी राहत, नाही तर कुठे तरी कारकुनी करत. मर्चंट यांना यातले काही करावे लागले नाही, आणि म्हणूनच पुढे काही वेळा नाही म्हणणे त्यांना परवडले.

१९३२ चा दौरा त्यांनी का नाकारला?

भारताने पहिली कसोटी जून १९३२ मध्ये लॉर्ड्सवर खेळली. मर्चंट त्या संघात नव्हते. जानेवारी १९३२ मध्ये महात्मा गांधींना अटक झाली आणि देशभर धरपकड सुरू झाली. ज्यांनी नेत्यांना तुरुंगात टाकले, त्यांच्याच देशात जाऊन खेळायचे कसे, असा प्रश्न हिंदू जिमखान्यात उभा राहिला. एल. पी. जय, चंपक मेहता आणि मर्चंट या तिघांनी दौऱ्यापासून दूर राहायचे ठरवले. मर्चंट तेव्हा अवघे २० वर्षांचे होते. देशाच्या पहिल्यावहिल्या कसोटीचे तिकीट सोडून देणे ही त्या वयात साधी गोष्ट नव्हती.

याच काळातला एक किस्सा इथे सांगण्यासारखा आहे. १९३३-३४ मध्ये डग्लस जार्डिन यांचा एमसीसी संघ भारतात आला. मर्चंट यांची बहीण लक्ष्मी हिच्या स्वाक्षऱ्यांच्या वहीत त्या संघातील १६ खेळाडूंच्या सह्या होत्या. पुढे ती गांधीजींची सही घ्यायला गेली. त्यांनी वहीची पाने उलटली आणि नेमके तेच पान निवडून सतराव्या क्रमांकावर आपली सही केली.

मर्चंट यांचे कसोटी पदार्पण याच संघाविरुद्ध झाले. डिसेंबर १९३३ मध्ये, मुंबईत जिमखाना मैदानावर. भारतातली ती पहिली कसोटी.

इंग्लंडमध्ये त्यांनी असे काय केले?

मर्चंट यांचे नाव जगभर झाले ते १९३६ आणि १९४६ या दोन इंग्लंड दौऱ्यांमुळे. पहिल्या दौऱ्यातला भारतीय संघ म्हणजे भांडणांचे आगर होते. कर्णधार विजयनगरमचे महाराजकुमार, म्हणजेच विझी. खेळापेक्षा पैसा आणि ओळखी यांच्या जोरावर ते त्या जागी बसले होते, हे आज कोणी नाकारत नाही. लाला अमरनाथ यांना तर त्यांनी दौऱ्याच्या मध्यातूनच घरी पाठवले. मर्चंट यांच्याशीही त्यांचे पटत नव्हते. मँचेस्टरच्या कसोटीत सलामीला जाताना मर्चंट यांना धावबाद कर, असे आपल्याला सुचवण्यात आले होते, ही हकीकत मुश्ताक अली यांनी पुढे सांगितली. मुश्ताक यांनी ती गोष्ट खेळपट्टीवर मर्चंट यांनाच सांगून टाकली, आणि दोघे हसत खेळायला लागले.

पुढे जे झाले ते विक्रमांच्या पुस्तकात आहे. इंग्लंडने ५७१ धावा करून डाव सोडला होता. पहिल्या डावात भारत २०३ वर आटोपलेला. म्हणजे ३६८ धावांची पिछाडी. अशा वेळी मुश्ताक आणि मर्चंट यांनी दिवस संपेपर्यंत बिनबाद १९० धावा केल्या. सकाळपासूनच्या इंग्लंडच्या धावा धरून त्या एका दिवसात एकूण ५८८ धावा झाल्या. कसोटी क्रिकेटमध्ये एका दिवसातला हा उच्चांक आजही मोडलेला नाही. सलामीची भागी २०३ वर तुटली, मुश्ताक यांनी ११२ आणि मर्चंट यांनी ११४ धावा केल्या, सामना वाचला. पुढच्या वर्षी विस्डेनने आपल्या पाच सर्वोत्तम क्रिकेटपटूंत मर्चंट यांची निवड केली.

दुसरा दौरा दहा वर्षांनी. १९४६ चा इंग्लिश उन्हाळा पावसाळी होता, आणि त्या काळी खेळपट्ट्या झाकून ठेवत नसत. रात्री पाऊस पडला की सकाळी चेंडू कधी उसळे, कधी खालून सरपटे, तर कधी हातभर वळे. आजच्या फलंदाजाला हा प्रकार माहीतच नाही. अशा उन्हाळ्यात मर्चंट यांनी दौऱ्यावर २३८५ धावा काढल्या, सरासरी ७४.५३. त्यांत लँकेशायरविरुद्ध नाबाद २४२ आणि ससेक्सविरुद्ध २०५.

ओव्हलच्या कसोटीत ते १२८ धावांवर खेळत होते. एका चोरट्या धावेच्या वेळी चेंडू डेनिस कॉम्प्टन यांच्याजवळ गेला. उचलून फेकायला वेळ नव्हता. कॉम्प्टन यांनी चेंडू सरळ पायाने लाथाडला आणि तो यष्ट्यांवर जाऊन आदळला. मर्चंट धावबाद. कॉम्प्टन हे आर्सेनल या फुटबॉल क्लबचे खेळाडू होते, त्यामुळे नेम चुकण्याचा प्रश्नच नव्हता. अठरा कसोटी डावांत इतक्या सावध फलंदाजाला असे बाद व्हावे लागले, हे थोडे गमतीचेच.

मग फक्त दहाच कसोटी कशा?

याचे सगळ्यात मोठे कारण युद्ध. १९३६ नंतर भारताची पुढची कसोटी झाली ती थेट १९४६ मध्ये. फलंदाजाचे वय २५ ते ३५ हे दशक म्हणजे खरे पीक काढण्याचा काळ. मर्चंट यांचे ते पूर्ण दशक कसोटीविना गेले. त्यानंतर १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्यांना कर्णधार नेमले गेले, पण प्रकृतीने साथ दिली नाही आणि त्यांना माघार घ्यावी लागली. लाला अमरनाथ कर्णधार म्हणून गेले. पुढच्याच वर्षी वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला, तेव्हाही मर्चंट आजारपणामुळे बाहेर होते. ब्रॅडमन आणि मर्चंट समोरासमोर खेळतील अशी एकच वेळ आली होती आणि तीही हुकली.

मग त्या दशकात ते काय करत होते? देशातल्या स्पर्धांत धावा काढत होते, आणि त्या इतक्या की आजही आकडा तपासून घ्यावासा वाटतो. रणजी करंडकात ४७ डावांत ३६३९ धावा, सरासरी ९८.७५. १९४३-४४ च्या हंगामात महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९. भारतीय फलंदाजाची ती तेव्हाची सर्वोच्च खेळी. पाच वर्षांनी महाराष्ट्राच्याच भाऊसाहेब निंबाळकर यांनी पुण्यात नाबाद ४४३ धावा करून तो विक्रम मागे टाकला.

इथे एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. मुंबईच्या त्या खेळपट्ट्या फलंदाजांना आंदण दिल्यासारख्या होत्या, सामने लांबत आणि गोलंदाज दमून जात. त्यामुळे ९८ ची सरासरी जशीच्या तशी डोक्यावर घेण्यात अर्थ नाही. मर्चंट यांचे मोठेपण मोजायचे तर ते इंग्लंडमधल्या ओल्या खेळपट्ट्यांवरच्या ७४ वर मोजावे.

याच वर्षांत त्यांची आणि विजय हजारे यांची चुरस रंगली. हजारे मूळचे सांगलीचे, अबोल, मर्चंट यांच्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान. मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत संघ धर्मावरून पाडलेले असत : हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपीय आणि शेष. हजारे ख्रिस्ती, म्हणून शेष संघात. १९४३ च्या स्पर्धेत हजारे यांनी २४८ धावा करून विक्रम केला. अंतिम सामन्यात मर्चंट यांनी हिंदू संघाकडून नाबाद २५० काढून तो आपल्या नावे केला. हजारे यांनी त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावात ३०९ धावा केल्या. शेष संघाच्या एकूण धावा होत्या ३८७. त्या डावात एका भागीत ३०० धावा झाल्या, आणि साथीला उभे असलेले भाऊ विवेक हजारे यांचा वाटा होता २१. तरीही शेष संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला.

धर्मावर बेतलेली ही स्पर्धा गांधीजींना पसंत नव्हती. १९४० च्या डिसेंबरमध्ये त्यांनी तसे उघड सांगितले आणि त्या वर्षी हिंदू संघ स्पर्धेतून बाहेर राहिला. पुढच्या वर्षी मात्र तो परतला, गर्दीही परतली आणि मर्चंटही खेळले. १९३२ मध्ये गांधीजींसाठी इंग्लंडचा दौरा सोडणारा खेळाडू चाळीसच्या दशकात गांधीजींना नको असलेल्या स्पर्धेचा सर्वांत मोठा चेहरा होता. ही विसंगती त्यांच्या चरित्रातून झाकून टाकण्याचे कारण नाही. ब्रेबर्न स्टेडियमवर भरगच्च प्रेक्षकांसमोर खेळण्याची दुसरी संधी त्या युद्धकाळात नव्हती, एवढेच त्यांच्या बाजूने म्हणता येते. स्पर्धा १९४६ मध्ये कायमची बंद झाली.

खेळ थांबला कसा?

नोव्हेंबर १९५१, दिल्ली. पाच वर्षांच्या खंडानंतर मर्चंट कसोटीत परतले. चाळिशी ओलांडून जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्यांनी १५४ धावा केल्या. भारताकडून कसोटीत तोवर कोणी इतक्या धावा केल्या नव्हत्या. तो विक्रम लगेचच, त्याच डावात मोडला गेला. समोर कर्णधार हजारे होते आणि ते १६४ वर नाबाद राहिले. दोघांची भागी २११ धावांची. जुनी चुरस अशी शेवटच्या डावापर्यंत पुरली.

त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना चेंडू अडवायला मर्चंट यांनी झेप घेतली आणि खांदा दुखावला. दुखापत अशी होती की पुन्हा कसोटी खेळणे शक्य झाले नाही. चार कसोट्यांनंतर, फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला. मर्चंट त्या संघात नव्हते.

प्रसारणाकडे ते कसे वळले?

आज खेळाडू निवृत्त झाला की महिन्याभरात टीव्हीवर दिसतो. तेव्हा तशी वाटच नव्हती. भारतात क्रिकेटचे धावते वर्णन तीसच्या दशकात सुरू केले ते बॉबी तल्यारखान यांनी, आणि ते दिवसभर एकटेच बोलत. दुसऱ्याबरोबर माईक वाटून घ्यायला ते राजी नसत. पुढे आकाशवाणीने एकापेक्षा अधिक समालोचक आणि जोडीला जाणकार अशी पद्धत आणली. खेळलेल्या माणसाला माईकपाशी जागा मिळाली ती यामुळे. योगायोग असा की मर्चंट यांना धावबाद करू पाहणारे विझीही पुढे रेडिओवर समालोचक झाले, आणि लांबण लावण्यासाठी त्यांचे नाव झाले.

त्या काळी दिल्लीतले वातावरण क्रिकेटला फारसे अनुकूल नव्हते. १९५२ पासून दहा वर्षे माहिती आणि प्रसारण खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे होते. या मराठी मंत्र्याने आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांना कात्री लावली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे पळाले, हे सर्वांना माहीत आहे. क्रिकेटबद्दलही त्यांचे मत तसेच होते : इंग्रज गेले, आता हा खेळही जाईल. श्रोत्यांना परत आणण्यासाठी ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. याच विविध भारतीवर पुढे क्रिकेट विथ विजय मर्चंट हा साप्ताहिक कार्यक्रम गाजला. रविवार दुपारची ठरलेली वेळ. सामना असो वा नसो, क्रिकेटवर बोलणारा माणूस हजर.

ही वेगळी गोष्ट का, ते समजून घेऊ. धावते वर्णन म्हणजे समोर जे घडते ते सांगणे. सामना संपला की काम संपले. मर्चंट यांचा कार्यक्रम क्रिकेटविषयीचा होता. तंत्र, जुने खेळाडू, निवड, शिस्त. एखाद्या वर्तमानपत्रातला स्तंभ आवाजात ऐकावा तसा. आज पॉडकास्ट म्हणून जे चालते, त्याच्या ते जवळ जाते. बोलणे मोजके, शब्द स्वच्छ, आवाज चढवायचा नाही. त्यांची फलंदाजीही अशीच होती. पाय हलके, चेंडू शेवटपर्यंत पाहायचा, अगदी उशिरा बॅट लावून लेट कट मारायचा, शतक झाले की नव्याने गार्ड घ्यायचा. मुंबईच्या ज्या खडूस फलंदाजीचे आपण कौतुक करतो, तिचे मूळ मर्चंट यांच्यापाशी नेले जाते.

तरी माणूस कोरडा नव्हता. जानेवारी १९६० मध्ये ब्रेबर्नवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध हैदराबादच्या अब्बास अली बेग यांनी अर्धशतक केले, तेव्हा एक तरुणी स्टँडमधून धावत मैदानात आली आणि तिने त्यांच्या गालाचे चुंबन घेतले. मर्चंट त्या वेळी रेडिओवर होते. आपण याच मैदानावर शतके आणि द्विशतके काढत होतो तेव्हा अशा धाडसी मुली कुठे होत्या, असा शेरा त्यांनी मारला. सहा दशके उलटली तरी तो किस्सा सांगितला जातो.

परभणीसारख्या ठिकाणी हा आवाज पोहोचणे हे तांत्रिकदृष्ट्याही मजेशीर आहे. मर्चंट खेळत होते तेव्हा आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. परभणीत आकाशवाणीचे केंद्र आले १९६८ मध्ये. मध्यम लहरींचे, म्हणजे मीडियम वेव्हचे प्रसारण दिवसा जमिनीलगत चालते. आकाशाकडे गेलेल्या लहरी सूर्यप्रकाशामुळे तयार झालेला वातावरणातला खालचा थर शोषून घेतो. रात्री तो थर विरतो आणि दूरची केंद्रे लागतात. मुंबईचे मीडियम वेव्ह केंद्र भरदुपारी मराठवाड्यात नीट लागणे म्हणून अवघड. लघुलहरी, म्हणजे शॉर्टवेव्ह, मात्र दिवसाही वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. विविध भारतीचे प्रसारण शॉर्टवेव्हवरही होत असे. त्यामुळे रविवार दुपारचा आवाज ऐकायचा तर सुई केसभर इकडे-तिकडे सरकवत बसावे लागे, मध्येच आवाज खोल विहिरीत गेल्यासारखा व्हायचा आणि परत यायचा. त्यात रेडिओसाठी सरकारी परवाना काढावा लागे, आणि तो दरवर्षी टपाल कार्यालयात जाऊन नवा करून आणावा लागे. इतके करून लोक ऐकत होते.

मराठीतून हे काम दुसऱ्या एका माजी खेळाडूने केले. रणजी करंडकात महाराष्ट्राकडून खेळलेले बाळ ज. पंडित यांनी मराठी समालोचनाची भाषा घडवली. मर्चंट यांचे श्रोते प्रामुख्याने शहरी आणि इंग्रजी समजणारे होते, हे मान्य करायला हवे. पण मैदान न पाहिलेल्या माणसालाही क्रिकेटवर मत असू शकते, ही सवय लावण्यात दोघांचाही वाटा आहे.

१९७१ च्या निर्णायक मताचा वाद काय होता?

साठच्या दशकाच्या अखेरीस मर्चंट निवड समितीचे अध्यक्ष झाले. आता ते नुसते बोलत नव्हते, ठरवतही होते. १९६९ मध्ये न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाचे संघ पाठोपाठ आले, आणि मर्चंट यांच्या समितीने कोवळ्या मुलांना मैदानात उतरवले. एकनाथ सोलकर, चेतन चौहान, अशोक मांकड, गुंडाप्पा विश्वनाथ, मोहिंदर अमरनाथ. यातल्या विश्वनाथ यांनी कानपूरला पहिल्या डावात शून्य आणि दुसऱ्या डावात १३७ धावा केल्या. टीका खूप झाली, कारण अनुभवी खेळाडूंना बाजूला सारले गेले होते.

मग १९७१ च्या सुरुवातीला वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी कर्णधार निवडायचा होता. मन्सूर अली खान पतौडी अनेक वर्षे कर्णधार होते. न्यूझीलंडमध्ये भारताला परदेशातला पहिला मालिका विजय त्यांनीच मिळवून दिला होता. समितीत मते सारखी विभागली गेली. अध्यक्ष म्हणून मर्चंट यांनी आपले निर्णायक मत अजित वाडेकर यांच्या पारड्यात टाकले. पतौडी दौऱ्यावर गेले नाहीत.

लगेच जुनी गोष्ट उकरून काढली गेली. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यावर मर्चंट उपकर्णधार होते, आणि कर्णधार होते थोरले पतौडी, म्हणजे मन्सूर यांचे वडील इफ्तिखार अली खान. बापाने हिरावलेले कर्णधारपद मर्चंट यांनी २५ वर्षांनी मुलाकडून वसूल केले, असे बोलले गेले. ही कथा चटकदार आहे, म्हणून टिकली. पण १९६९ ची निवड समोर ठेवली तर ती तितकीशी पटत नाही. बदल तेव्हापासूनच सुरू होता, आणि तो एका माणसापुरता नव्हता. ज्याची स्वतःची दहा वर्षे वाया गेली, त्याला पोरांना ताटकळत ठेवणे मान्य नसावे, हे आमच्या मते जास्त संभवते.

निकाल सर्वांना माहीत आहे. भारताने पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी जिंकून वेस्ट इंडिजमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकली. याच दौऱ्यासाठी निवडलेल्या २१ वर्षांच्या सुनील गावसकर यांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या. ऑगस्टमध्ये ओव्हलवर इंग्लंडलाही हरवले. मर्चंट यांना जे इंग्लंड खेळाडू म्हणून दहा कसोटींत एकदाही हरवता आले नाही, ते त्यांनी निवडलेल्या संघाने त्यांच्याच भूमीवर हरवले, आणि तेही जिथे कॉम्प्टन यांनी पायाने चेंडू मारून त्यांना बाद केले होते त्या मैदानावर.

क्रिकेटशिवाय दुसरे काय?

मर्चंट यांच्या वेळेचा मोठा वाटा अपंगांच्या पुनर्वसनात गेला. दानधर्म करून मोकळे होणे हा श्रीमंतांचा नेहमीचा मार्ग. मर्चंट यांचा भर रोजगारावर होता. अपंग माणसाला काम द्या, तो इतरांइतकेच काम करतो, हे ते मालकांना पटवत आणि स्वतःच्या गिरणीतही तसे करत. अपंगांची लग्ने जुळवण्यातही त्यांनी लक्ष घातले. रेडिओमुळे मिळालेली ओळख इथे उपयोगी पडली. फलंदाजाला दार उघडेलच असे नाही, पण दर रविवारी घरात ऐकू येणाऱ्या माणसाला सहसा नाही म्हणवत नाही.

२७ ऑक्टोबर १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय ७६. देशात तेव्हा रिलायन्स विश्वचषक सुरू होता, आणि रेडिओची जागा टीव्हीने घेतलेली होती. आदल्याच दिवशी भारताने अहमदाबादेत झिम्बाब्वेला हरवले होते. चार दिवसांनी, ३१ ऑक्टोबरला, नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध गावसकर यांनी नाबाद १०३ धावा केल्या. एकदिवसीय क्रिकेटमधले त्यांचे ते एकमेव शतक.